चौथ्या सीटची शिखर परिषद

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींच्या बातम्या वाचून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याची पद्धत बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात रुजते आहे, ही अत्यंत अभिनंदनीय बाब होय. पूर्वी लोकलमध्ये नुसती बाचाबाची व्हायची. आता अंबरनाथचा प्रवासी उलटा बदलापूरला येऊन खिडकी धरतो, तेव्हा तो 'टेरिटोरियल इंटिग्रिटी'चा भंग ठरतो. चौथ्या सीटसाठी 'बायलॅटरल टॉक्स' होतात, टेकवलेल्या अर्ध्या मांडीला 'बफर झोन'चा दर्जा मिळतो आणि कल्याणचा लोंढा आत शिरला की 'सीझफायर' मोडतो. व्याकरण कच्चे असेल, सराव मात्र रोजचा.

उल्हासनगरला काय शिकवणार? 1947 नंतर लष्करी छावणीत वसलेल्या या गावाने मालावर 'मेड इन यूएसए' छापून (पक्षी : उल्हासनगर सिंधी असोसिएशन) अमेरिकेशी संबंध केव्हाच दृढ केले, असे जाणकार सांगतात.

आता हीच भाषा कारभारातही यावी. सुरुवात झालीच आहे. आमच्या सोसायटीने कोरड्या नळांबद्दल 'डीप कन्सर्न' व्यक्त केला. पाणीखात्याच्या साहेबांचे उत्तरही तोलामोलाचे : 'वुई आर क्लोजली मॉनिटरिंग द सिच्युएशन.' चर्चा सकारात्मक झाल्याचे दोन्ही बाजूंनी जाहीर केले.

टँकरवाल्याने तेवढे पैसे मराठीत मागितले.