उधारी बंद, गाडी चालू

डोंबिवली पूर्वेला, आमच्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर एक रेल्वे आहे. तिचे महाव्यवस्थापक, गार्ड आणि गँगमन हे सगळे मिळून एकच गृहस्थ. सोसायटी त्यांना स्टेशनमास्तर म्हणते. रेल्वेच्या नोकरीशी त्यांचा संबंध आला तो पास काढण्यापुरता. उभी नोकरी त्यांनी केली एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात.

वसुलीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या काही सवयी निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. मास्तर कुणाकडे गेले की आधी वस्तूंवरून नजर फिरवतात. टीव्ही केवढा, फ्रीज कधीचा, सोफा जप्तीत कितीला जाईल. स्वतः मात्र कर्ज कधी काढलं नाही. नोकरीत असताना कर्मचाऱ्यांना सवलतीच्या व्याजाने घरकर्ज मिळत होतं. मास्तरांनी ते घेतलं नाही आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, ते अजून विसरलेल्या नाहीत.

क्रेडिट कार्डाचा विषय निघाला की मास्तर आवाज खाली आणतात. "अरे, वस्तू घेताना बँक तुझ्याकडे बघून हसते. हप्ता थकल्यावर तीच बँक कशी बघते ते मला विचार. बघायला मलाच पाठवायचे."

तर हे रेल्वेचं प्रकरण. दिवाणखान्यात सहा फूट बाय चार फूट प्लायवूडवर मास्तरांनी कर्जत ते लोणावळा बसवलं आहे. प्रमाण ८७ला १. पळसदरी आहे, ठाकुरवाडी आहे, मंकी हिल आहे. घाटाचा चढ खऱ्यासारखाच, ३७ फुटांना एक फूट. फळीच्या लांबीत तो जेमतेम पाच सेंटिमीटर भरतो, पण तेवढ्यासाठीही कर्जतला गाडी थांबवून मागे बँकर इंजिनं लावली जातात. आत वडे तळले जात असतील तर हा थांबा वाढतो.

या राज्यात एकच गोष्ट मास्तरांना खुपते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ने भागलं तर दोन रुळांत १९.२६ मिलिमीटर अंतर हवं. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचा. जन्मात कुणाची दमडी उसनी न घेतलेल्या माणसाची डेक्कन क्वीन उसन्या गेजवर धावते. हे त्यांना कुणी बोलून दाखवत नाही. काकू दाखवतात.

एका श्रावणात वरच्या मजल्यावरून पाणी झिरपायला लागलं आणि नळवाल्याला बोलावलं. त्याने स्टूल ठेवलं. स्टुलाचे तीन पाय जमिनीवर टेकले आणि चौथा ठाकुरवाडीच्या वर, वळणावर. रूळ वाकला, प्लॅस्टिकचे स्लीपर तुटले, खडी उडाली. जीवितहानी झाली नाही, कारण गाडी कर्जतला उभी होती. वडे.

मास्तरांनी चौकशी नेमली. आपल्याकडे रेल्वे अपघाताची चौकशी करणारा सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे असतो. आपल्याच माणसाने आपली चौकशी करू नये, हा त्यामागचा विचार. मास्तरांना हे तत्त्व मान्य असल्यामुळे त्यांनी चौकशी स्वयंपाकघराकडे सोपवली. काकूंनी फोडणी देता देता निकाल दिला. "नळवाला नळाकडे गेला होता. रूळ माझ्या दिवाणखान्यात आला. दोष रुळाचा."

आता नवीन रूळ हवा. मुंबईत एका खेळण्यांच्या दुकानात मिळाला, पण तो पितळी. मास्तरांनी तो उलटसुलट करून परत ठेवला. या खेळातली वीज रुळांतूनच येते. १२ व्होल्टचा प्रवाह रुळातून चाकात आणि चाकातून मोटारीत जातो. पितळेवर हवेने काळा थर चढतो, त्यातून वीज जात नाही, आणि डेक्कन क्वीन उचक्या देत चालते. डोंबिवलीच्या दमट हवेत पितळी रूळ म्हणजे रोज घासण्याचं काम. म्हणून हवा तो निकेल सिल्व्हरचा. त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि निकेल एवढंच असतं. त्याच्यावर थर चढला तरी गाडी चालते. मास्तरांच्या पसंतीचा पेको कंपनीचा फ्लेक्सिबल रूळ हवा तसा वाकवता येतो, आणि एक नग ९१४ मिलिमीटरचा, म्हणजे एक यार्ड. कारखाना इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात, बिअर नावाच्या गावी. "पार्सल बिअरहून यायचंय," असं मास्तरांनी जिन्यात सांगितल्यावर आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन जणांनी आपणहून मदत देऊ केली होती.

तिथल्या एका दुकानात रूळ होता. किंमत पाच-सहा पौंड. क्रेडिट कार्ड असतं तर काम पाच मिनिटांचं. ते नव्हतं, त्यामुळे दिवाळी आली.

यूपीआयला मास्तरांची हरकत नाही. २०१६ साली ती सोय सुरू झाली तेव्हा सोसायटीत पहिल्या पाचांत ते होते, कारण खात्यात असतील तेवढेच पैसे जातात. त्यांनी इंग्लंडच्या दुकानदाराला पत्र लिहून क्यूआर कोड मागवला. दुकानदाराने आदबीने कळवलं की तसं काही आमच्याकडे नाही. कार्ड चालेल, नाहीतर ब्रिटिश बँकेवरचा पौंडातला चेक.

मग मास्तर पौंडाचा डिमांड ड्राफ्ट काढायला गेले. काउंटरवरच्या मुलाने असा ड्राफ्ट जन्मात पाहिला नव्हता. त्याने आतून एका वडीलधाऱ्या बाईंना आणलं. बाईंनी फॉर्म पुढे केला आणि पैसे कशासाठी पाठवायचे ते विचारलं.

"घाटातला रूळ बदलायचाय."

"कंत्राटदार आहात?"

"नाही. रेल्वे माझी आहे."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. पुढचा अर्धा तास मास्तर तिथेच होते. बाहेर आले तेव्हा बँकेचं कमिशन रुळाच्या किमतीपेक्षा जास्त होतं हे त्यांना कळलं होतं, आणि बाईंना ठाकुरवाडीचा चढ तोंडपाठ झाला होता.

डेबिट कार्ड त्यांच्याकडे होतं. पैसे स्वतःचेच, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न नव्हता. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड येतं ते परदेशी व्यवहार बंद ठेवूनच. हवे असतील तर आपण चालू करायचे. मी म्हटलं, "मास्तर, फोनवर एक बटण दाबायचंय."

"रिझर्व्ह बँकेने बंद करून पाठवलंय ना? मग ती काय वेडी आहे?" मास्तर म्हणाले. "वरच्या कार्यालयाने सीलबंद केलेलं कपाट आपण उघडायचं नसतं."

त्यांची धाकटी बहीण लेस्टरला असते. ती म्हणाली, "दादा, मीच घेते आणि भेट म्हणून पोस्टाने पाठवते." मास्तर खूश झाले आणि लगेच नियम वाचायला बसले. तिथेच घात झाला. डिसेंबर २०१९मध्ये सरकारने पोस्टाने वा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची जकातमाफी काढून घेतली. सवलत उरली फक्त दोन वस्तूंना, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखी चालते, राखीबरोबरची भेट चालत नाही, असंही त्या अधिसूचनेत स्वच्छ लिहिलं आहे. मास्तरांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे बघ, रूळ मनगटाला बांधता आला असता तर प्रश्न मिटला होता. फ्लेक्सिबल आहेच तो."

"औषध म्हणूनच मागवा," आतून काकू म्हणाल्या. "तुमचा जीव तशानेच राहिलाय."

पूर्ण जकात भरली तर भेट येऊ शकत होती. पण भेट घ्यायची आणि वर तिच्यासाठी पैसे भरायचे, हे मास्तरांच्या कुठल्याच खात्यात बसेना. अखेर बहिणीने लेस्टरला स्वतःच्या कार्डावर रूळ घेतला आणि प्रश्न उरला तो वाहतुकीचा. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची मुलगी तिथेच असते आणि दिवाळीला येणार होती. पण ९१४ मिलिमीटरची वस्तू बॅगेत मावेना. मास्तरांनी रात्रभर विचार करून तोडगा काढला. क्रिकेटच्या नियमांत बॅटीची लांबी जास्तीत जास्त ९६५ मिलिमीटर. त्या मुलीच्या मुलाकडे बॅट होती, तिचं कव्हर चांगलं ऐसपैस होतं. अशा रीतीने पुण्याच्या गाडीचा रूळ बॅटीच्या पोटाला चिकटून, पुठ्ठ्यात बांधून, लेस्टरहून डोंबिवलीला आला. तो मुलगा आल्यापासून सोसायटीच्या मैदानात एकदाही नीट खेळला नाही, कारण मास्तर रोज जाऊन बॅटीचं कव्हर वाळत घातलंय का ते बघायचे.

हिशेब लगेच. बहिणीने पैशांचं नाव काढू नकोस म्हणून सांगितलं. मास्तरांनी खरेदीच्या दिवसाचा पौंडाचा भाव काढला, त्याने गुणलं, आणि तिच्या इथल्या खात्यात रक्कम भरून पावतीचा फोटो पाठवला. वरचा रुपया मुद्दाम घातला नाही. घातला असता तर तो व्यवहाराऐवजी आहेर झाला असता.

काकूंची वही मात्र वेगळी. बहिणीसाठी थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला. बॅटवाल्यांकडे चिवडा आणि अनारसे. बँकेतल्या बाई घाट बघायला दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा वडे. इंग्रजी पत्रं टाइप करून देणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या मुलाला बारावीच्या अकाउंट्सची शिकवणी फुकट. पाच-सहा पौंडांच्या रुळापायी डोंबिवलीपासून लेस्टरपर्यंत माणसं मास्तरांची देणेकरी-घेणेकरी झाली होती. मास्तरांच्या वहीत यातली एक ओळ नाही. बँकेकडून घेतलं तरच ते कर्ज, बाकी सगळं येणंजाणं.

रूळ बदलायला रविवार ठरला. सोसायटीच्या फलकावर पाण्याच्या वेळेखाली चिठ्ठी लागली: दिवाणखान्यात मेगाब्लॉक, सकाळी ११ ते दुपारी ४. त्या वेळात टीव्ही बंद, पंखा बंद, काकूंनी बाल्कनीत जायचं तर शयनगृहाच्या खिडकीकडून वळसा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक सोसणारी माणसं आम्ही, कुणी तक्रार केली नाही.

काम बघायला मी होतो. खडी बसवली होती फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून. तो गोंद पाण्याने सुटतो. मास्तरांनी कोमट पाणी सिरिंजने सोडलं, वाट बघितली आणि उलथन्याच्या टोकाने खडी उचलली. मग सोनाराच्या बारीक करवतीने वाकलेला तुकडा कापला. नव्या रुळातून तेवढाच तुकडा काढला, टोकं कानशीने घासली, कडेच्या स्लीपरवरचे बारीक आकडे छाटले.

खरी मेख पुढे. दोन्ही बाजूंचे रूळ फळीला चिकटलेले. मधे तुकडा बसवायचा, पण जोडणारे फिशप्लेट सरकवायला जागा नाही. मास्तरांनी फिशप्लेट आधी नव्या तुकड्यावर पूर्ण सरकवले, तुकडा वरून अलगद खाली ठेवला, आणि मग ते अर्धे अर्धे मागे, जुन्या रुळावर ओढले. मग सोल्डरिंग, अगदी चटकन, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. एका जोडाला सोल्डरिंग केलं नाही. "उन्हाळ्यात रूळ वाढतो. त्याला वाढायला जागा नको?" वसुली खात्यात कुणाला इतकी सवलत मिळाल्याचं मी ऐकलं नाही.

चार वाजता पहिली गाडी सुटली, पण नव्या रुळावर कॉशन ऑर्डर होती, ताशी २० किलोमीटर. ८७ने भागलं की सेकंदाला सहा सेंटिमीटर. डेक्कन क्वीन सोफ्यापासून टीव्हीपर्यंत जाईतो चहा दोनदा झाला.

रुळाचा मोठा तुकडा उरला. आठवडाभरात नाशिकच्या एका रेल्वेवेड्याचा फोन आला. त्याच्या इगतपुरीत मुलाने पाय दिला होता, ३० सेंटिमीटर रूळ हवा होता, आणि त्याच्याकडेही कार्ड नव्हतं. मास्तर विकत द्यायला तयार होईनात, कारण मिळकत दाखवावी लागली असती. फुकट द्यायला तयार होईनात, कारण सवय लागते. शेवटी त्यांनी रूळ कर्जाऊ दिला. परतफेड तीन महिन्यांत, त्याच जातीच्या रुळात, व्याज दोन सेंटिमीटर. कागदावर दोन जामीनदार. एक मी, दुसऱ्या काकू.

तीन महिने झाले, नाशिकहून रूळ आला नाही. चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, जुनी बॅग घेऊन माझ्या दारात उभे राहिले. इतके प्रसन्न मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी नोटीस माझ्या हातात दिली आणि दारातूनच माझ्या फ्रीजकडे बघितलं.

दुसऱ्या जामीनदाराला नोटीस द्यायला ते वर गेले, मी मागोमाग. काकूंनी नोटीस शांतपणे वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "जामीनदाराची मालमत्ता जप्त करायची ना? माझ्या नावावर हा दिवाणखाना आहे. करा जप्ती. सुरुवात त्या फळीपासून करा."

मास्तरांनी घाटाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि उभ्या नोकरीत जे कुणाला दिलं नव्हतं ते नाशिकला देऊन टाकलं, सहा महिन्यांची मुदतवाढ. व्याज मात्र तीन सेंटिमीटर केलं.