तत्काळ इंदूर

अचानक सहलीला निघायचं झालं, तर त्याची वेळ रेल्वेनं ठरवून ठेवली आहे. वातानुकूलित डब्याची तत्काळ तिकिटं सकाळी १० वाजता खुली होतात, शयनयानाची ११ वाजता, आणि तीही गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी उठून कुठंतरी जावं अशी लहर यायची असेल, तर ती बुधवारी रात्रीपर्यंत आलेली बरी. गुरुवारी दुपारी आलेल्या लहरीच्या नशिबी वेटिंग लिस्ट. जुलै २०२५ पासून या तिकिटांना आधार पडताळणीही लागते, त्यामुळे लहरी माणसाचीही कागदपत्रं चोख हवीत.

अशाच एका बुधवारी रात्री ठाणेकरांनी डोंबिवलीकरांना फोन केला. दोघं शाळेपासूनचे मित्र, पन्नाशी ओलांडलेले. गेली कित्येक वर्षं दोघं लडाखला जाणार होते. डोंबिवलीकरांनी त्यासाठी एक्सेलमध्ये तक्ता केला होता आणि त्यात ऑक्सिजनसाठी वेगळा रकाना होता.

"इंदूरला चल. पोहे खायला."

"पोहे काय, घरी होतात की."

"तिथं जिलबीबरोबर देतात."

पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, "एसी काढतोयस की स्लीपर?"

पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर दमडीही परत मिळत नाही. लडाख इतकी वर्षं का रखडलं, याचं उत्तर त्यातच आहे. त्या तक्त्यात पैसे बुडण्याची सोयच नव्हती.

मुंबई सेंट्रलहून सुटणारी अवंतिका एक्सप्रेस बोरिवलीला थांबते आणि रात्रभर चालून सकाळी इंदूरला पोचते. हा सव्वाआठशे किलोमीटरचा प्रवास ठाणेकरांनी झोपून केला. त्यांचा खरा प्रवास त्याआधी घोडबंदर रोडवर झाला होता. डोंबिवलीकर मात्र रतलामपासून जागे होते, कारण रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. सरकारनं मानांकन दिलेल्या वस्तूला डॉक्टरांचं पथ्य लागू होत नाही, असा त्यांचा एक सिद्धांत आहे.

इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत गरम ठेवतात. त्यावर कांदा, शेव, लिंबू आणि जिरावण नावाचा मसाला. मध्येच दाताखाली बडीशेप येते. शेजारी जिलबी. ठाणेकरांनी आधी पोहे संपवून मग जिलबीला हात घातला, तेव्हा पोहेवाल्याच्या चेहऱ्यावर कीव दिसली. एक घास तिखट, एक घास गोड, हा तिथला शिरस्ता. तो नीट अंगवळणी पडावा म्हणून दोघांनी दुसरी प्लेट घेतली.

नेमके तेव्हाच दहा वाजले. रविवारच्या परतीचं तत्काळ तिकीट शनिवारी सकाळी १० वाजताच काढावं लागतं, आणि ठाणेकरांची पाचही बोटं पाकात होती. फोनला बोट ओळखू येईना. डोंबिवलीकरांची बोटं शेवेच्या तेलानं माखलेली, पण तेलाला स्क्रीन दाद देते असं आढळलं. ओटीपी त्यांनी करंगळीनं टाकला.

डोंबिवलीकरांनी गाडीतच बघण्याच्या ठिकाणांची यादी केली होती. तिच्यात पहिला होता राजवाडा. सात मजली, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. होळकरांचं हे घराणं पुणे जिल्ह्यातल्या होळ गावचं, त्यामुळे दोघांना दारातच माहेरी आल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं, तेव्हा पुढे होते सर्जेराव घाटगे, म्हणजे कागलचे. मराठ्यांनी वाढवलेलं शहर लुटायलाही आपलीच माणसं महाराष्ट्रातून आली होती. राजवाड्यानं पुढे १९८४ च्या दंगलीतली आगही सोसली. आज दिसतो त्यातला बराच भाग नव्यानं उभा केलेला आहे.

"घाटग्यांच्या लुटीचा हिशेब यशवंतराव होळकरांनी पुढच्याच वर्षी चुकता केला," डोंबिवलीकर रंगात येऊन सांगू लागले. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचा दिवस. यशवंतरावांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला आणि दुसऱ्या बाजीरावांनी त्याच दिवशी पुणे सोडलं. आधी सिंहगड, मग कोकण, मग समुद्रमार्गे वसई.

"बघ," ठाणेकर म्हणाले, "अचानक निघणं याला म्हणतात. फराळसुद्धा सोडून."

"आणि परतीचं तिकीट?"

ते इंग्रजांनी काढलं. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला, मे १८०३ मध्ये पेशवे इंग्रजी फौजेच्या सोबतीनं पुण्यात परतले आणि त्या तिकिटाची किंमत पुढं सगळ्या मराठी राज्यानं भरली.

लालबाग महालात पाय मोडले. त्याचं लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाबरहुकूम, इंग्लंडातच ओतून घेतलेलं. त्यासमोर ठाणेकरांना आपल्या सोसायटीचं गेट आठवलं. त्याच्या रंगाचा प्रश्न तीन सर्वसाधारण सभांपासून विषयपत्रिकेवर आहे. यादीत पुढं लता मंगेशकरांचं जन्मस्थान होतं. त्यांचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९ चा, शीख मोहल्ल्यातला. त्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे. डोंबिवलीकरांनी आदरापोटी आत जाऊन एक शर्ट घेतला. तो त्यांना पोटावर बसला नाही, पण त्याला आदल्या आठ तासांचा इतिहास जबाबदार होता.

रात्री नऊनंतर दोघं सराफ्यात शिरले. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर चुली पेटतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत विझत नाहीत. माणसांची वर्दळ असली की दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनी हे सुरू होऊ दिलं, असं सांगतात. ते खरं असेल तर जगातली ही सर्वांत चविष्ट चौकीदारी.

इथं ठाणेकरांनी शिकंजी मागवली. दिवसभराचं तेलतूप उतरावं, लिंबूपाणी बरं, हा विचार. समोर आला आटवलेल्या दुधाचा, सुक्या मेव्यानं जड झालेला पेला. इंदूरची शिकंजी ती हीच. पुढे जोशींकडचा दहीवडा. तिथं द्रोण हवेत उडवून झेलायचा रिवाज प्रसिद्ध आहे आणि दही सांडत नाही. मग दुधातुपात शिजवलेला मक्याचा कीस. मग ताटलीएवढा जलेबा, दोघांत एक. बारा वाजता डोंबिवलीकर म्हणाले, "आता काहीतरी हलकं घेऊ," आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन आले. तीही शेव घालून. तारीख बदलल्यामुळे हा रविवारचा नाश्ता धरावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

खाण्यापेक्षा अवघड गेलं ते रिकामा द्रोण टाकणं. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग सात वेळा पहिलं आलं. सातव्यांदा सुरतेबरोबर विभागून. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. ठाणेकर दोन डब्यांसमोर उभे राहून द्रोणाला चिकटलेलं दही कशात मोडतं याचा विचार करत होते. एवढा विचार त्यांनी मुलाच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळीही केला नव्हता. शेवटी त्यांनी ते दही चाटून टाकलं आणि प्रश्न निकालात काढला.

रविवारी संध्याकाळी अवंतिकेनंच दोघं परत निघाले. रात्रीच्या जेवणाचा विषय दोघांपैकी एकानंही काढला नाही.

जाणार असाल तर थंडीत जा. गराडू म्हणजे तळलेला कंद, वर जिरावण आणि लिंबू, तो सराफ्यात थंडीतच मिळतो. या दोघांचा तो हुकला. शनिवारची रात्र मोकळी ठेवा, दुपारी जेवू नका आणि हॉटेलच्या खोलीत नाश्ता फुकट मिळत असेल तरी तो घेऊ नका.