आम्हाला गावातच रोमिंग द्या

प्रति,
मा. स्वागत-संदेश प्रमुख,
मोबाइल कंपनी (नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्याची टोपी त्यानं घालावी)

महोदय,

आपल्याइतक्या अगत्यानं आमचं स्वागत आजवर कुणीच केलेलं नाही. निर्ण्याहून सोलापूरला निघालं की मन्नाएखेळीला हमरस्ता लागतो, हुमनाबाद जातं, सस्तापूर बंगला जातो आणि उमरग्याच्या अलीकडे कुठंतरी बसमधले सगळे फोन एका दमात टुणटुण करतात. झोपलेली माणसं दचकून आपापले खिसे चाचपतात. महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे! उलट्या दिशेनं हैदराबादला निघावं, तर जहीराबादेत पुन्हा तेच. व्याही दारात उभे राहूनसुद्धा एवढ्या तत्परतेनं पुढं येत नाहीत.

फक्त एक होतं. आपलं स्वागत पोचतं तेव्हा चालू असलेला फोन तुटलेला असतो. शेजारच्या बाकावरची बाई उदगीरच्या बहिणीला सांगत असते, "आक्का, मी यायलाव, इस्टँडवर कुणाला तरी..." आणि मग नुसतंच, "हॅलो? आवाज यीना गेलाय. हॅलो?" कुणाला तरी पाठव, हे आक्काला कळलं की नाही, ते स्टँडवर उतरल्यावरच समजायचं. या बाईनं हद्दीपर्यंतचा प्रवास कर्नाटकाच्या शक्ती योजनेत फुकट केलेला असतो, पुढं महाराष्ट्राच्या एसटीत ती अर्धं तिकीट काढते. बस बदलताना गाठोडं एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये ठेवता येतं. चालू कॉल मात्र एका सर्कलच्या जाळ्यातून उचलून दुसऱ्या सर्कलच्या जाळ्यात ठेवण्याची सोय आपण सगळीकडे केलेली नाही. मधल्या मध्ये तो पडतो.

या सर्कलांबद्दल आपलं अभिनंदन करायचं राहूनच गेलं. आम्ही सीमाभागातली माणसं नकाशाच्या बाबतीत जरा हळवी असतो. १९५६ साली हैदराबाद संस्थानातल्या आमच्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, उरलेले आम्ही म्हैसूर राज्यात. सोयरीक होती तिथंच राहिली. मग सीमावादासाठी महाजन आयोग आला. मग २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तो दावा अजून तिथंच आहे. आणि इकडे दूरसंचारवाल्यांनी देशाची २२ सर्कलं पाडली, ना मोर्चा ना लाठीमार!

काय धाडस म्हणावं! गोव्यानं १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला साफ नकार दिला होता. आपण त्याला गुपचूप महाराष्ट्र सर्कलमध्ये आणून बसवलंत. ज्या मुंबईसाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, ती मुंबई मात्र आपल्या नकाशात महाराष्ट्राबाहेर, स्वतंत्र सर्कल करून बसली आहे. आणि २ जून २०१४ला जन्मलेलं तेलंगण आपल्या लेखी अजून आंध्र प्रदेश सर्कलमध्येच नांदतंय. आम्ही गुलबर्ग्याला कलबुर्गी म्हणायला शिकलो, हैदराबाद-कर्नाटकाला कल्याण कर्नाटक म्हणायला शिकलो. आपल्याला मात्र कुणी काही शिकवू शकलं नाही.

जुन्या पिढीच्या कानात अजून एक आरोळी आहे: "ठेव, ठेव, रोमिंग लागतंय!" लोक मृत्यूचा निरोपसुद्धा मिस्ड कॉलवर भागवत. एक वाजला तर पोचलो, दोन वाजले तर निघालो, वाजतच राहिला तर काहीतरी वाईट. दुसऱ्यानं केलेला फोन नुसता उचलायचे मिनिटाला १ रुपया ७५ पैसे घेता येत होते. दूरसंचार नियामक ट्रायनं ती कमाल मर्यादा जुलै २०१३मध्ये ७५ पैशांवर आणली, मे २०१५मध्ये ४५ पैशांवर. पुढं २०१६ला एक नवी कंपनी रोमिंग फुकट घेऊन बाजारात उतरली आणि बाकीच्यांना एकाएकी कळलं की अरे, हे पैसे घेतले नाहीत तरी चालतं! आपल्या कंपनीनंही तेव्हा केवढी जाहिरात केली होती. देश एक झाला, असं काहीतरी होतं त्यात.

देश एक झाला खरा, पण सिमं दोनच राहिली. कारण आपल्या कंपनीचं कर्नाटकाचं कार्ड रानात मुकं होतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं एक जवळ ठेवावं लागतं. पूर्वी ते पडून राहिलं तरी काही खात नव्हतं. आता नुसता येणारा फोन चालू ठेवायलाही रिचार्ज मारावा लागतो, तोही आपल्या २८ दिवसांच्या महिन्यानं, म्हणजे वर्षाला १३ वेळा. अधिक मास आमच्या पंचांगात तीन वर्षांनी एकदा येतो. आपल्याकडे तो दरवर्षी येतो, आणि जावयाला धोंडेजेवण न घालताच वसूल होतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझी तक्रार हद्दीवरची नाहीच.

तुरीच्या रानात उभा राहून मी फोन वर धरतो. आपल्या कार्डाच्या दांड्या नाहीत. त्यांच्या जागी तीन शब्द येतात: फक्त आणीबाणीचे कॉल. पुष्कळ दिवस मला वाटायचं की ही रेंज नसल्याची सभ्य भाषा आहे. एका मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं सांगितलं, की काका, रेंज आहे, पण तुमच्या कंपनीची नाही. दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर फोनला ऐकू येतोय, म्हणून तर ११२ लावायची परवानगी मिळते. काहीच नसतं तर तेही लागलं नसतं. म्हणजे लहरी माझ्या पटक्यावरून जातायत, फोन त्या ओळखतोय, टॉवरही फोनला ओळखतोय, पण दोघांनी बोलायचं नाही असा आपला आपापसात ठराव आहे.

याचा हिशेब मांडला तर असा निघतो. निर्ण्याचा माणूस गुवाहाटीत फुकट रोमिंग करू शकतो, कन्याकुमारीला करू शकतो. स्वतःच्या बांधावर, समोर दिसणाऱ्या टॉवरवर, तो करू शकत नाही. आणि ही आणीबाणी काय थोडी असते? पिकाच्या पाहणीचा फोटो रानात काढायचा आणि चढवायला रेंज शोधायची, इकडे कर्नाटकात बेळे समीक्षे आणि तिकडे महाराष्ट्रात ई-पीक पाहणी. बँकेचा ओटीपी येतो, पण दहा मिनिटांचं आयुष्य संपवून येतो. रेशनच्या यंत्राला अंगठा दिला की ते आभाळाकडे बघत बसतं. दत्तजयंतीला माणिकनगरला तर गंमतच होते. दांड्या सगळ्या उभ्या, पण तीन राज्यांची जत्रा एकाच टॉवरवर तुटून पडल्यामुळे फोन कुणाचाच लागत नाही. ते मी देवावर सोडून देतो. रानातलं सोडणार नाही.

हे होऊ शकत नाही, असं कृपया सांगू नका. सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या ग्राहकांना फोर-जी वापरता यावं, अशी सोय जानेवारी २०२५मध्ये सुरू झाली. सर्कलच्या आतलं रोमिंग म्हणतात त्याला. म्हणजे युक्ती माहीत आहे, यंत्रं तयार आहेत. पैसे सरकारचे असले की टॉवर सगळ्यांचा होतो, आणि पैसे आपले असले की आमचा फोन परका. तेव्हा जिथं आपला टॉवर पोचत नाही, तिथं शेजारच्याच्या टॉवरवर आम्हाला जाऊ द्या. हिशेब तुम्ही आपसात करा. इतकी वर्षं राज्याराज्यांत करताच आहात. स्वागताचा मेसेज नाही पाठवलात तरी चालेल, आम्ही आमच्याच गावात आलेलो असू.

तोवर निर्ण्याच्या रानात आपल्या कार्डावरून एकच नंबर लागतो, ११२. पलीकडचा पोलीस सौजन्यानं विचारील, काय आणीबाणी आहे? आणि उद्या एखादा म्हातारा त्याला म्हणाला, की साहेब, आणीबाणी काही नाही, तेवढं आमच्या घरी सांगा, मोटार बंद करायची राहिलीय, तर गुन्हा त्या म्हाताऱ्यावर दाखल होईल. आपल्यावर नाही.

कळावे, लोभ (आणि जमल्यास एखादी दांडी) असावा.

आपला दोन सिमांचा ग्राहक,
मु. पो. निर्णा, ता. चिटगुप्पा, जि. बीदर