सुरक्षित अंतर ठेवा

तरुणांनी समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे, यावर भिलाईतल्या आम्हा मराठी मंडळींचं एकमत आहे. इतकं पक्कं एकमत आमच्यात आणखी एकाच गोष्टीवर होतं, ती म्हणजे हे तरुण आपल्या घरातले नसावेत. घरातल्यांना बारावी असते, जेईई असते, आणि क्लासची दोन वर्षांची फी आगाऊ भरलेली असते. ती परत मिळत नाही.

तरीही परंपरा म्हणून आमच्या मंडळाने यंदाच्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा ठेवली. विषय : 'समाजपरिवर्तन आणि आजचा तरुण'. परीक्षक तीन. प्लँटमधून निवृत्त झालेले एक डीजीएम साहेब, एका कोचिंग क्लासचे संचालक, आणि ऐनवेळी दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून मी. गुणांचा तक्ता छापील होता : आशय ४०, मांडणी ३०, उच्चार २०, वेळेचं भान १०. धाडसाला रकाना नव्हता, पण तो कुठल्याच तक्त्यात नसतो.

ठरल्याप्रमाणे विवेकानंद आले, भगतसिंग आले, सोळाव्या वर्षीचे ज्ञानेश्वर आले. एका मुलाने स्वीडनची ग्रेटा आणली आणि तिला उच्चारात २० पैकी १८ मिळवून दिले. रायपूरहून आलेल्या एकाने माधवराव सप्रे काढले. छत्तीसगडातला मराठी माणूस, सरकारी नोकरी नाकारून १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं, पुढे 'हिंदी केसरी'पायी १९०८ मध्ये राजद्रोहाखाली तुरुंगात गेला. टाळ्या झाल्या. डीजीएम साहेब माझ्याकडे वाकून म्हणाले, "नोकरी नाकारली म्हणजे पेन्शनही गेली की हो!"

हळूहळू गुणांमागचं सूत्र माझ्या लक्षात आलं. आदर्श जितका लांबचा, तितके गुण जास्त. शंभर वर्षं किंवा हजार किलोमीटर, यातलं एक तरी पाहिजे. ज्याने ब्लास्ट फर्नेसवर नोकरी केली त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. धातू ओतला जाताना फार देखणा दिसतो. फक्त कुठे उभं राहायचं ते ठाऊक पाहिजे.

मग नववीतली एक मुलगी उठली आणि तिने हे अंतर एका वाक्यात चार किलोमीटरवर आणलं. ती म्हणाली, मी इथल्या हुडको वसाहतीतल्या माणसाबद्दल बोलणार आहे.

सभागृहात जरा चुळबुळ झाली. हुडकोत माणसं राहतात, त्यांच्यावर भाषणं होत नाहीत.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंगालकडून धीरेश नावाचा पोरगा इथे आला आणि कोक ओव्हनमध्ये लागला. भिलाई स्टील प्लँटची नोकरी! क्वार्टर, दवाखाना, शाळा, मुलीकडच्यांची रांग. नारळ फोडून गप्प बसावं, तर याने कामगार जमवले. नोकरी गेली. मग भूमिगत झाला, नाव बदलून शंकर झाला, दानीटोल्याच्या खाणीत मजुरी केली, खाणीतल्याच आशाबाईंशी लग्न केलं. आणीबाणीत मिसाखाली आत गेला. करिअरचा आलेख म्हणून पाहिलं तर रेष सरळ खाली जाते. संचालकांनी गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं. मी डोकावलो तर 'ड्रॉपर' असा शब्द होता.

मुलगी थांबली नाही. आपल्या भट्ट्यांना लोहखनिज येतं ते दल्ली-राजहराहून, ती म्हणाली. १९७७ मध्ये तिथे कायम कामगाराला बोनस ठरला ३०८ रुपये आणि त्याच्याच शेजारी तेच दगड फोडणाऱ्या ठेका मजुराला ७०. मजूर चिडले, तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या शंकर गुहा नियोगींना त्यांनी बोलावून आणलं, स्वतःची युनियन काढली. जून महिन्यात गोळीबार झाला, अकरा जण गेले. डीजीएम साहेबांनी घड्याळ पाहिलं. वेळेचं भान १०.

पुढचा भाग आमच्या मंडळींना खरं तर आवडायला हवा होता, कारण त्यात संस्था होती. बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने युनियनच्या पदाधिकारी कुसुमबाई गेल्या, तेव्हा या लोकांनी मोर्चा काढून विषय संपवला नाही. वर्गणी काढली, सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहिल्या आणि १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. घोषणाच होती 'संघर्ष और निर्माण'. युनियनचे विभाग सतरा, त्यात शिक्षण आणि आरोग्यही, आणि दारूबंदीसुद्धा. दारूबंदीवर ठेकेदार सर्वांत जास्त भडकले. पगारवाढ मागणारा मजूर परवडतो, शुद्धीवर असलेला परवडत नाही. हॉस्पिटलचं उद्घाटन एका वयस्क खाणमजुराच्या आणि एका शेतकऱ्याच्या हातून झालं. इथे आमच्या अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली. मंत्री न बोलावता उद्घाटन, हे समाजपरिवर्तन म्हणून पचवायला जड आहे.

१९९० मध्ये नियोगी भिलाईत परतले, खासगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांसाठी. सप्टेंबर १९९१ मध्ये दिल्लीला जाऊन राष्ट्रपतींना निवेदन देऊन आले आणि २८ तारखेच्या पहाटे हुडकोतल्या घरात झोपेत असताना खिडकीतून त्यांना गोळी घातली. १९९७ मध्ये खालच्या न्यायालयाने उद्योगपतींसह आरोपींना दोषी धरलं, पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकट्या मारेकऱ्याला जन्मठेप दिली. निकाल शिरसावंद्य. फक्त मजुरीवर जगणाऱ्या त्या माणसाचं नियोगींनी असं काय घोडं मारलं होतं, एवढंच कळायचं राहिलं.

"आणि १ जुलै १९९२ला," मुलगी म्हणाली, "कामावर परत घ्या म्हणत कामगार पॉवर हाऊस स्टेशनला रुळांवर बसले होते. तिथे गोळीबारात पंधराहून जास्त माणसं मेली. त्या दिवशी माझी आजी नागपूरहून येत होती. गाडी दुर्गला अडकली. आमच्या घरात त्या दिवसाची एकच आठवण सांगतात, माहेरहून आणलेला आमरस नासला."

कुणीतरी हसलं आणि मग आपण एकटेच हसलो हे त्याच्या लक्षात आलं.

शेवटी तिने आयआयटी कानपूरला गणित शिकलेल्या, अमेरिकेचं नागरिकत्व सोडून दिलेल्या सुधा भारद्वाज यांचं नाव घेतलं. आयआयटी ऐकताच संचालक सावरून बसले. "रँक किती होती?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, रँक माहीत नाही, पण आयआयटी झाल्यावर त्या इथल्या मजुरांच्या वस्तीत येऊन राहिल्या, चाळिशीच्या आसपास वकील झाल्या आणि त्यांच्याच केसेस लढल्या. संचालकांना पटेना. भिलाईतून आयआयटीला जाण्याच्या वाटा त्यांना तोंडपाठ आहेत, होर्डिंगवर फोटोंसकट लावल्या आहेत. आयआयटीतून भिलाईच्या कामगार वस्तीत? हा बोर्ड उलटा लावला की काय? मग मुलीने २०१८ची अटक, तीन वर्षांची कोठडी आणि जामीन हेही सांगितलं, आणि संचालकांचा चेहरा पुन्हा शांत झाला. गणित सुटलं होतं.

निकालाला वेळ लागला नाही. पहिली ग्रेटा, दुसरे विवेकानंद, तिसरे सप्रे. मुलीला दोन विरुद्ध एक मतांनी उत्तेजनार्थ. शेऱ्यात 'अभ्यास चांगला, परंतु विषयांतर. स्थानिक उदाहरणे टाळावीत' असं डीजीएम साहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. मी म्हटलं, साहेब, विषयच समाजपरिवर्तन होता. ते समजुतीने हसले. "अहो, ढाली कारखानदारांनी दिल्यात." पुढच्या वर्षीचा विषय त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकला : 'मोबाईल : शाप की वरदान'.

सामान आवरत होतो तेव्हा मुलीची आई आली. बाई हुशार, सभ्य, अजिबात घाबरट नाही. प्रमाणपत्र पुढे करून म्हणाल्या, "सर, यातलं 'उत्तेजनार्थ' काढून नुसतं 'पुरस्कार' लिहाल का? आणि खाली इंग्रजीत 'सोशल लीडरशिप'. परदेशातल्या अॅडमिशनला याचे पॉइंट्स असतात म्हणे. फक्त त्या नियोगींचं वगैरे नाव नको हं, व्हिसाला नसती भानगड."