चारठाणा पाहावं कसं?
(नवशिक्यांसाठी)

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकतच आपण वाढलो. त्यात फ्रान्सला जागा नाही, ती आज देऊन टाकू. तिकडं दिजों नावाचं एक जुनं शहर आहे. रस्त्याच्या फरशीत पितळी खुणा ठोकल्यात, प्रत्येक खुणेवर घुबड. घुबडामागून घुबड धरत चालायचं, 22 टप्पे झाले की शहर पाहून झालं. वाटेत तेराव्या शतकातल्या नोत्र-दाम चर्चच्या भिंतीवर एक दगडी घुबड लागतं. त्याला डाव्या हातानं शिवायचं आणि मनातली इच्छा मागायची. आपल्याकडं घुबड दिसलं तर माणूस माघारी फिरतो, ते सोडा. ही अख्खी फेरी कोणाशी एक अक्षर न बोलता पुरी होते, हे महत्त्वाचं.

चारठाण्यात तसं करून बघा.

गाव जिंतूर तालुक्यातलं. जिंतूरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की वाटेत येतं. दिजोंचं ते चर्च उभं राहत होतं त्याच सुमाराला इकडं देवगिरीच्या यादवांचा अंमल होता आणि पाथरवट काळ्या दगडाला छिन्नी लावत होते. गोकुळेश्वर, नृसिंह, जोड महादेव, खुराची आई, उकंडेश्वर ही देवळं, एक उंच कोरीव स्तंभ आणि बारवा, एवढं एका गावात. पितळी घुबड मात्र एकही नाही.

साहित्य: चप्पल. बूट घातलेला नवशिक्या लांबूनच ओळखू येतो. पाच देवळं म्हणजे पाच वेळा नाडी सोडायची, पाच वेळा बांधायची. सहाव्या देवळाला तो बाहेरूनच हात जोडतो. डोक्याला रुमाल, पाणी, सुट्टे पैसे, आणि गाभाऱ्यातल्या अंधारासाठी बॅटरी. मे महिन्यात येऊ नका. अनवाणी पायांखाली काळा दगड तापला की भक्ती आपोआप वेगानं होते. वही-पेन शक्यतो पिशवीतच ठेवा. गळ्यात कॅमेरा आणि हातात वही घेतलेला माणूस गल्लीत शिरला की तो सरकारी असणार, असंच गाव धरून चालतं. ‘पीकविम्याचे का साहेब?’ हा पहिला प्रश्न. ‘घरकुलाची यादी आली का?’ हा दुसरा. ‘देवळं बघायला आलो’ म्हटल्यावर जराशी निराशा होते, आणि मग खरा प्रश्न येतो: ‘कोण्या गावचे पाव्हणे?’

इथं घाई नडते. आधी गाव सांगा, मग तालुका सांगा, मग त्यांच्या कोणत्या पुतणीला तिकडं दिलीय ते निमूट ऐका. पंधरा मिनिटं जातात. हेच इथलं तिकीट. पुतणीचं सासर तुमच्या शेजारच्या गल्लीत निघालं, तर नकाशा गुंडाळून ठेवा. एक पोरगं तुमच्याबरोबर धाडलं जातं, त्याच्यामागं तिघं आपणहून येतात. पोरगं मिळालं नाही तर पत्ता मिळतो: ‘हे काय, हितंच. पिंपळापासून डाव्या अंगाला.’ पिंपळ पडून कैक वर्षं झालेली असतात. तो कुठं होता, ते पुढच्या घरी विचारायचं.

‘गावात 360 देवळं होती आणि 360 बारवा,’ हे कोणीतरी सांगेलच. मोजायला बसू नका. दिवसाला एक या मापानं वर्षभराचे देव. हा आकडा ऐटीचा आहे, हिशेबात त्याला ओढू नये. पण थट्टाही करू नका. अशा जुन्या गावांत देवळं पडतात आणि दगड घराघरांत राहायला जातात. म्हणून चालताना नजर खाली ठेवा. ओट्याच्या पायरीला कमळ, गोठ्याच्या भिंतीत आडवी बसलेली नक्षीची पट्टी, असं काहीबाही सापडू शकतं. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गोठ्यात मात्र शिरायचं नाही.

आता थोडी शब्दसंपत्ती. काळा दगड दिसला की ‘हेमाडपंती’ म्हणायचं, एवढं सगळ्यांनाच येतं. तुम्ही एक पायरी पुढं जा. हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत हा यादव राजा महादेव आणि त्यानंतरच्या रामचंद्राचा श्रीकरणाधिप (राज्याच्या दप्तराचा प्रमुख), म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि हेमाडपंती म्हणूनच ज्याकडं बोट दाखवतात ते अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं, पंतांच्या दोनशे वर्षं आधीचं. हे मनात ठेवा, पारावर बोलू नका. पंतांवर गावोगाव जीव असतो आणि तुमचा दुपारचा चहा अजून व्हायचाय.

खांबांच्या माथ्याशी हात वर करून तुळई पेलणारे बुटके, पोट सुटलेले गडी दिसले तर ते कीचक. काहींचे चेहरे पाहून वाटतं, मजुरी थकलेली असावी. उंबऱ्यावरचं राक्षसी तोंड म्हणजे कीर्तिमुख. त्यावर पाय न देता ओलांडून जायचं. शेंदूर फासलेला प्रत्येक दगड मारुतीच असेल असं नाही. जवळ जाऊन बघा. खाली लढणारा माणूस, मधे त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला चंद्र-सूर्य असले, तर तो वीरगळ. तो खालून वर वाचतात. वाचता आला तरी शेंदूर खरवडायचा नाही. मेला तेव्हा साधा शिपाई होता, आता देव झालाय. झालेली बढती आपण कशाला काढून घ्यायची?

स्तंभापाशी वाद ठरलेला. एक म्हणणार दीपमाळ, दुसरा विजयस्तंभ, तिसरा मानस्तंभ. मानस्तंभ जैन मंदिरासमोर असतो, आणि जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी पाहून आलेल्याला तिसऱ्याचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. नवशिक्यानं निकाल देऊ नये. मी स्वतः, ज्याच्याकडं चहा घेतला त्याच्या बाजूनं असतो.

उकंडेश्वराचं नाव ऐकून नाक मुरडू नका. उकंडा म्हणजे उकिरडाच. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. या महादेवाचं खातं जरा उशिरानं उघडलं, इतकंच.

बारवेसाठी मात्र निवांत तासभर हातचा ठेवा. आडाला पायऱ्या नसतात, वरून पोहरा सोडायचा. बारवेत माणूस स्वतः पाण्यापाशी उतरतो. चार महिने पाऊस आणि आठ महिने वाट पाहणं, अशा मुलखात पाणी आटत जाईल तसं आपणही एकेक पायरी खाली जायचं, हा तिच्या पायऱ्यांचा हिशेब. उतरायची वाट एका बाजूनं असेल तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया, चारी बाजूंनी विजया. ही नावं जुन्या शिल्पग्रंथांतली. गोकुळेश्वराच्या बारवेच्या काठावर उभं राहून ती मोठ्यानं म्हणा, पोरं तुम्हाला सर म्हणू लागतील. मग आधी वर बघा. आग्यामोहोळ असेल तर सरांनी आल्या पावली परत फिरावं. नसेल तर पाऊल आडवं टाकत, भिंतीला हात देत उतरा. मोबाइलमध्ये बघत उतरणाऱ्याला पाणी फार जवळून दिसतं.

आणि इथं बायांना विचारा. देवळाची गोष्ट पुरुष सांगतात, पण हंडा घेऊन पायऱ्या उतरल्या त्या बाया. 1972 च्या दुष्काळात कितव्या पायरीपर्यंत जावं लागलं, हे एखाद्या आजीला विचारून बघा. त्यापुढं तुम्हाला फक्त हुंकार द्यायचाय. ग्रंथातली चार नावं तिला सांगायची गरज नाही.

गोडी लागली तर सेलू तालुक्यातलं वालूर गाठा. तिथल्या बारवेच्या पायऱ्या चक्रासारख्या फिरत पाण्याकडं जातात, आणि तिच्यातला गाळ गावकऱ्यांनी स्वतः उपसलाय. पण ती दुसरी यत्ता.

परतण्याआधी दोन विनंत्या. दगडावर खिळ्यानं नाव कोरू नका. दिजोंच्या त्या घुबडावर 2001 साली कोणीतरी हातोडा चालवला होता, म्हणजे असली माणसं सगळीकडं असतात; तुम्ही त्यांत असू नका. आणि काढलेले फोटो मोबाइलात कुजवू नका. आजीचा बारवेवरचा फोटो धुऊन घ्या आणि पोस्टानं धाडा. पत्ता सोपा आहे: आजीचं नाव, मुक्काम पोस्ट चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.