आवाज कुणाचा?

बारामतीत सरकारं बनतात आणि मोडतात, एवढं महाराष्ट्राला ठाऊक होतं. तिथे इटालियन स्पोर्टबाईकही बनते, हे आम्हाला भाच्याने ती दारात आणून लावली तेव्हा कळलं. एप्रिलिया आरएस ४५७. दोन सिलिंडर, ४७ अश्वशक्ती, किंमत चार लाखांच्या पुढे. ताईने चाकांखाली लिंबं ठेवली, हँडलला हार घातला, पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच ओंकार म्हणाला, "मामा, आता पहिलं काम सायलेन्सर बदलायचं."

"काय झालं? बिघडलाय?"

"बिघडला नाही हो, पण दमच नाही आवाजात. गल्लीत शिरलो तर कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही."

१७५ सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलचा आवाज ८० डेसिबलच्या आत हवा, असा नियम आहे. तो पाळण्यासाठी इंजिनिअर मंडळींनी गाडीच्या पोटाखाली कप्पे, जाळ्या असा सगळा संसार थाटला. त्याचे पैसे भाऊजींनी शोरूममध्ये मोजले. आता तो संसार उचकटून काढण्याचे पैसे पुण्याच्या नाना पेठेत मोजायचे. बाईकवाल्यांच्या दुनियेत याला अपग्रेड म्हणतात.

निवडीचं शास्त्र मोठं गहन आहे. इंजिनापासून शेपटापर्यंत सगळी नळी बदलली की फुल सिस्टीम, नुसता शेवटचा डबा बदलला की स्लिप-ऑन. घराणीही ठरलेली. जपानचे योशिमुरा, इटलीचे ॲरो आणि एससी-प्रोजेक्ट, आणि सगळ्यांत मानाचं पान स्लोव्हेनियाच्या अक्रापोविचना. इगोर अक्रापोविच स्वतः रेसर. बाजारातले सायलेन्सर पसंत पडेनात म्हणून त्यांनी स्वतःच बनवायला घेतले आणि टायटॅनियमच्या नळ्या थेट जागतिक स्पर्धांच्या ट्रॅकवर नेल्या. स्लोव्हेनियाची लोकसंख्या एकट्या पुण्याहून कमी, पण नाव असं की कोथरूडमधली पोरं ते गुरुमंत्रासारखं जपतात. अस्सल टायटॅनियमची फुल सिस्टीम घ्यायची तर लाखाहून जास्त मोजावे लागतात. भाच्याच्या खिशात उरले होते सहा हजार. म्हणून नाना पेठ.

दुकानदाराने काउंटरखालून डबा काढला. अंगावर कार्बन फायबरच्या विणीचं स्टिकर, त्यावर अक्रापोविचची पट्टी. पट्टीच्या चार रिवेटांपैकी एक गायब. ओंकारने कोपऱ्यावर नख लावलं, तशी पट्टीच उचलली गेली.

"ओरिजिनल आहे ना?"

"एकदम ओरिजिनल. फर्स्ट कॉपी."

"वॉरंटी?"

"इथे वाजवून घ्या, दादा. वाजला की तुमचा."

डब्याच्या तोंडात बोटभर लांबीची, भोकाभोकांची नळी बसवलेली होती. ॲलन कीने एक स्क्रू फिरवून त्याने ती ओढून काढली आणि ओंकारच्या तळहातावर ठेवली. हाच तो डीबी किलर. आवाजाला जो काही लगाम असतो, तो एवढाच. "खिशात असू द्या," दुकानदार म्हणाला, "मामा दिसला की लावायचा." आम्ही दचकलो. मग लक्षात आलं, मामा म्हणजे चौकातले.

घरी परतताना भाच्याने बाजू मांडली. पिकअप वाढतो, म्हणाला. नुसता डबा बदलून जी ताकद वाढते, ती भिंग घेऊन शोधावी लागते. खरी वाढ हवी तर इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, मॅपिंगही बदलावं लागतं. ते न करता वाट मोकळी केली, की थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल नळीत जाऊन फुटतं. पोरं याला फटाके म्हणतात आणि माना डोलावतात. लिटरला शंभरी ओलांडलेलं पेट्रोल चाक न फिरवताच जाळायचं, अशी ही बारमाही दिवाळी.

वजन कमी होतं, म्हणाला. होतं, दोन-तीन किलो. मिसळीबरोबरचे जादा पाव सोडले तर तेवढं फुकटात होईल.

शेवटी हुकमाचा एक्का काढला. "सेफ्टी आहे, मामा. आवाज ऐकून लोक बाजूला होतात." सायलेन्सरचं तोंड मागे असतं. ज्याने बाजूला व्हायचं तो पुढे, आणि ज्याच्या कानठळ्या बसतात त्याला आपण केव्हाच ओलांडलेलं असतं. सेफ्टीवरचं हे व्याख्यान चालू असताना ओंकारचं हेल्मेट त्याच्या कोपराला लटकत होतं. पुण्यात हेल्मेट डोक्यात घालायला नसतंच, सक्ती झाली की विरोध करायला असतं.

मुळात सीट घेतली तर आपण बसतो, टायर घेतला तर आपली गाडी पळते. सायलेन्सर मात्र पैसे आपले घालून दुसऱ्यांसाठी घेतात. चालवणारा पुढे निघून जातो. मागे उरतात तिसऱ्या मजल्यावरचे रक्तदाबवाले आजोबा, बारावीची पोरगी आणि तासभर थोपटून आत्ताच झोपलेलं बाळ. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आणि डेसिबलचं गणित असं, की दहा वाढले की तीव्रता दहापट. ८० चे १०० झाले तर शंभरपट. पाच वर्षांत अशी वाढ फक्त उमेदवारी अर्जातल्या मालमत्तेत दिसते.

तेव्हा निवडीचा हक्कही ऐकणाऱ्यांनाच द्यावा. सोसायटीने तीन डबे मागवावेत, रात्री साडेबाराला पार्किंगमध्ये वाजवून दाखवावेत आणि जनरल बॉडीत हात वर करून मतदान घ्यावं. सोसायटीच्या इतिहासातला पहिला एकमताचा ठराव होईल.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. अधूनमधून पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर रांगेत झोपवतात आणि त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात. फोटो झकास येतो. संध्याकाळी त्याच रस्त्यावरून मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती जातात. त्यांच्यावर चालेल एवढा रोडरोलर अजून महाराष्ट्रात आलेला नाही. आवाज किती, हे मशिन सांगतं. कारवाई ठरते ती आवाज कुणाचा, यावर.

फर्स्ट कॉपी गाडीला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला, त्यावर ओंकारने काळी चिकटपट्टी लावली. कंपनीचा सायलेन्सर मात्र त्याने जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गाद्यांमागे जपून ठेवला. "भंगारात देऊन टाक की," आम्ही म्हणालो.

"वेड लागलंय का, मामा! गाडी विकताना तोच लावायचा. कंपनी फिटिंग नसेल तर गिऱ्हाईक भाव पाडतं."

ते गिऱ्हाईक ओंकारच्याच वयाचं असणार. गाडीभोवती दोन चकरा मारून ते आधी विचारणार, "सायलेन्सर कंपनीचाच आहे ना?" हो म्हटल्यावर खुशीने पाच हजार जादा देणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत नाना पेठेत हजर होणार.