श्री. दोन तृतीयांश यांस अनावृत पत्र

श्री. दोन तृतीयांश यांस,
मु. दहावी अनुसूची, भारतीय संविधान

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गोव्यात मी आजवर ज्यांना ज्यांना निवडून दिलं, ते माझं नाही, तुमचं ऐकतात, असं दिसून आलं आहे. मग मधल्या माणसांना कशाला त्रास द्या? थेट तुम्हालाच लिहितो.

आमच्या आजोबांचं बरं होतं. सिंह दिसला की ठप्पा. मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंहापुढे उमेदवाराचं नाव काय छापलंय, हे वाचायची त्यांना गरजच नव्हती. भाऊसाहेब बांदोडकर आहेत ना, झालं. वडील चिन्ह सोडून माणूस बघू लागले. लग्नाला आला का, दिवसांना आला का, नळाला पाणी आणलं का. माझ्या वाट्याला कॅल्क्युलेटर आला.

तुमचा जन्म १९८५ चा. पक्षांतराला आळा घालणाऱ्या कायद्यात तुमची नेमणूक विलीनीकरण खात्यात झाली: तुमच्याइतके आमदार एकत्र गेले की ते पक्षांतर नव्हे, विलीनीकरण. फुटीचं खातं तुमचे धाकटे बंधू एक तृतीयांश सांभाळत. २००३ च्या घटनादुरुस्तीत ते वारले आणि सगळा भार तुमच्यावर पडला. पण तुम्ही कधी कुरकुरला नाहीत. मार्च २०१९ मध्ये मगोचे आमदार तीन. मध्यरात्री दोघांनी पक्षच भाजपमध्ये विलीन केला. उरलेले सुदिन ढवळीकर, त्यांचं उपमुख्यमंत्रिपदही गेलं. त्याच जुलैत काँग्रेसच्या पंधरांतले दहा गेले. एक कमी नाही, एक जास्त नाही. गणिताच्या मास्तरांनी वहीवर शाबासकी लिहावी असा हिशेब. २०१७ ला सतरा जागा मिळवून पहिल्या नंबरावर आलेला हा पक्ष मुदत संपताना दोनवर आला होता. (काही जण राजीनामे देऊन सुटे सुटे गेले. त्यांची तुमच्याशी ओळख नसावी.)

म्हणून २०२२ ला काँग्रेसने देवांना मध्ये घातलं. उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीला नेलं, बांबोळीच्या खुरसाकडे नेलं, बेतीच्या दर्ग्यात नेलं आणि फुटणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. सर्वधर्मसमभावाचं इतकं ठोस कारण मी दुसरं पाहिलेलं नाही. १४ फेब्रुवारीला आम्ही शंभरातल्या एकोणऐंशींनी मत दिलं. २४ तारखेला, आमची मतं अजून कडीकुलपात असताना, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने निकाल दिला की मागच्या दहांचं विलीनीकरण बरोबरच होतं. आमदारांतले दोन तृतीयांश राजी असले की पुरे. १० मार्चला मोजणी झाली. काँग्रेसला अकरा. मी लगेच भागाकार मांडला: ७.३३. तेहतीस शतांश आमदार कुठून आणणार, म्हणून निर्धास्त झोपलो. तुम्ही आकडा वर ढकललात. १४ सप्टेंबरला, मतदानाला बरोबर सात महिने झाले त्या दिवशी, आठ जण गेले.

बरं, सरकार काही त्यांच्यावाचून अडलं नव्हतं. भाजपचे स्वतःचे वीस, मगो आणि अपक्ष धरून पंचवीस, सभागृह चाळीसचं. आणि शपथ? माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत म्हणाले की त्यांनी देवाला विचारलं, तेव्हा तुला योग्य वाटेल ते कर, असं देवाने सांगितलं. मला त्या देवाचा हेवा वाटतो. त्याला निदान विचारलं तरी.

आम्हालाही एकदा विचारलं होतं म्हणा. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, नाही तर दोन पानं. गोव्याने दोन पानं निवडली. त्यानंतरची सगळी विलीनीकरणं आमच्या गैरहजेरीत पार पडली.

एक सावधगिरीची सूचना. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार गुवाहाटीला गेले, तेव्हा पंचावन्नांतले सदतीस जमले का, हे सगळा महाराष्ट्र मोजत होता. आमच्या सावंतवाडीच्या पाहुण्यांना आम्ही अनुभवी माणसांच्या तोऱ्यात धीर दिला. परतताना ती आमदार मंडळी गोव्यातच उतरली, तेव्हा गुरुगृही आली असंच वाटलं. पण पुढे त्यांनी काय केलं पाहिलंत ना? कशात विलीन झालेच नाहीत. आम्हीच मूळ पक्ष म्हणाले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांच्या हाती दिला. तुम्हाला वळसाच घातला. नोकरी जपा.

आता माझी मागणी. २०२७ मध्ये पुन्हा विधानसभा आहे. पक्ष कुठला, माणूस कसा, हे बघणं मी सोडलं आहे. निवडून येणाऱ्यांचा आकडा तीनच्या पाढ्यात बसू नये एवढंच बघतो, आणि अकराने तोही भरवसा घालवला. तेव्हा जी सोय आमदारांना, ती मतदारांनाही मिळावी. आमच्या मतदारसंघातले दोन तृतीयांश मतदार शेजारच्या मतदारसंघात विलीन होऊ इच्छितात. तिथला आमदार निवडून आल्या पक्षातच आहे, असं ऐकतो. काल तरी होता.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक मतदार

ता. क. आमच्या घरात मतं तीन. पत्रावर सह्या दोघांच्या आहेत. आई तयार नाही. तिला विचारण्याची गरज नाही, असं वकील सांगतात.